फुली मारलेला डबा

बीदर, १९ ऑगस्ट

नेत्रक्का,

दुरूनच शरणु शरणार्थी. जवळून केला असता तर तू कानाखाली दिली असतीस.

फोनवर तू मला ब्लॉक केलीस, बरोबर केलीस. तुझ्या लग्नाची खोटी पत्रिका छापून पाठवायला नको होती. तू रजा टाकशील, विमानाचं तिकीट काढशील असं मला वाटलंच न्हाई. मला वाटलं हसशील. पण मेल ब्लॉक करायचं तू विसरलीस, म्हणून हे लिहायलोय.

आता मुद्द्याचं. मामाचे, म्हणजे तुझ्या अप्पांचे, दिवे अडकलेत.

मामाचा हात थरथरायला लागायच्या आधी त्यांनी चाळीस बिदरी सुरया घडवल्या, हे तुला ठाऊक हाय. त्यातल्या तीस तर तुझ्यादेखतच झाल्या. मी त्यांच्यात होल्डर बसवला, वायर काढली, वर कापडाची टोपी चढवली आन झाला टेबलावरचा दिवा. मामा म्हणाले, "मी सुरई केली, तू तिला शेपूट लावलास." लावलं. शेपटीला परदेशात गिऱ्हाईक हाय. ऑनलाइन बाजारातर्फे चाळीसच्या चाळीस तुमच्या जर्मनीतल्या गोदामात पोचले. मी इथं पेढे वाटले.

आन परवा, एका शब्दाची सूचना न देता, त्या बाजारातलं माझं दुकान बंद. कामून? तर कचरा. वायर लागली की ती वस्तू विजेची झाली, आन विजेची वस्तू विकायची तर आधी त्यांच्या सरकारात नाव नोंदवायचं, की ती खराब झाल्यावर तिची विल्हेवाट माझ्या जिम्म्याला. अक्का, दिवा अजून पेटला न्हाई आन हे त्याच्या मैताचं विचारायलेत. बाळंतिणीला दवाखान्यात घेताना स्मशानाची पावती मागावी तसं.

बरं, नोंदवतो म्हणलं तर मी नोंदवून चालत न्हाई. जर्मनीत बसलेला कुणीतरी माझ्या वतीनं जबाबदार पायजे. फ्रान्सला विकलं तर फ्रान्सचा दुसरा. आन प्रत्येक दिव्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र पायजे, त्याच्यावर फुली. मामाच्या दिव्यावर, कचऱ्याचा डबा.

शेपूट कापून सुरई म्हणून विकावं तर बुडाला मी वायरीसाठी भोक पाडून बसलोय.

५ सप्टेंबरच्या आत माल गोदामातून हलला न्हाई तर ते नष्ट करणार. मोडून टाकणार. म्हणजे कचरा होऊ नये म्हणून केलेल्या कायद्यानं पहिला कचरा मामाच्या दिव्यांचा होणार. माझ्या खात्यातून माल परत भारतात यायची सोय न्हाई, जर्मनीतल्याच पत्त्यावर देतात. तुझा पत्ता दे. फक्त पत्ता. बाकी मी बघतो.

मामाला ह्यातलं काही ठाऊक न्हाई. बोलू नको.

शिवा

—

हॅम्बुर्ग, २१ ऑगस्ट

शिव्या,

मी हसले. हे कबूल करते. फुली मारलेला कचऱ्याचा डबा तुला सुचला कसा, त्याचंच नवल वाटलं. बारावीत तीनदा बसलास, पण डोकं नको तिथं चालतं.

मी हितं वृद्धाश्रमात पहाटेपासून म्हाताऱ्यांना उचलते, बसवते, जेवू घालते. डिसेंबरात माझा राहण्याचा परवाना नवा करायचाय. आन तू म्हणायलास, चाळीस अनोळखी खोकी माझ्या दारात उतरू दे. त्यात काय निघेल? दगड? गवऱ्या? तुझ्या भालकीचा एखादा बेडूक? आन शेजारी पोलीस बोलावतील तेव्हा तू तिकडं पोट धरून लोळशील.

मागच्या वेळीही सगळं खरंच होतं. प्रेस खरी, कागद खरा, मांडव कुठं ते खरं, नवरा जिथं नोकरीला म्हणून छापलं त्या साखर कारखान्याचं नावसुदीक खरं. नुस्ता नवरा खोटा होता. मी तिकिटावर गेलेले पैसे विसरले. पण वॉर्डातल्या सगळ्यांना मिठाई वाटून आले होते, ते कसं विसरू? परत आल्यावर एकेक आजी नवऱ्याचा फोटो मागायची.

अप्पांचे दिवे विकले गेले न्हाईत तर तसं सरळ सांग. मला वाईट वाटेल, पण राग यायचा न्हाई.

नेत्रावती

—

बीदर, २२ ऑगस्ट

अक्का,

राग मला आलाय. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर ही गत. असं असेल तर माणसानं खरं बोलायचं तरी कशाला?

नोटीस जोडलीय. तू म्हणशील, ती पण पत्रिकेसारखी भालकीच्या प्रेसमधली. म्हणून एक काम कर. माझ्यावर इश्वास ठेवू नको. तुझ्या खोलीत वायर असलेली कुठलीही वस्तू घे, उलटी कर आन बूड बघ. तिथं डबा न्हाई दिसला तर पुन्हा मेल करणार न्हाई. बीदरच्या बसस्टँडवर मला उलटं टांग.

एक गोष्ट लपवणार होतो, ती लपली न्हाई. मामानं नोटीस बघितली. मी दुकानात प्रिंट काढून आणली आन कामाच्या ओट्यावर विसरलो. त्यांना इंग्रजी येत न्हाई, पण चित्र कुणालाही वाचता येतं. विचारले, हे काय. मी म्हणलं, दिव्यावर काढावं लागतं. त्यांनी हातातली छिन्नी पुसली, डब्यात ठेवली, हात धुतले आन ओसरीत जाऊन बसले. दुपारी तुझ्या अव्वानं ताट वाढलं, ते तसंच परत गेलं. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "पन्नास वर्षं किल्ल्यातली माती जिभेवर ठेवून पारखली. कचऱ्याची चव मला कळती."

तुला ठाऊक हाय, ती माती खारट लागली तरच काळा रंग धरती. साऱ्या दुनियेत तसला काळा होत न्हाई. त्या काळ्यावर चांदीची तार ठोकून ठोकून त्यांनी वेली काढल्या. आन हे दिवे गोदामातून उचलून यंत्रात घालणार. तिथं बसलेल्या बाबाला ह्याच्यातलं काय कळतंय? त्याच्या यादीत एकच खाना. विजेची वस्तू, वजन दोन किलो.

आज बावीस तारीख. १४ दिवस ऱ्हायले.

शिवा

—

हॅम्बुर्ग, २९ ऑगस्ट

शिवा,

मी पाणी तापवायची केटली उलटी केली. डबा होता. केस वाळवायचं यंत्र, डबा. फोनचा चार्जर, डबा. वॉर्डात गेले, बीपी बघायचं मशीन उलटं केलं, डबा. एका आजीच्या कानातल्या यंत्राची डबी, तिच्यावर इवलासा डबा. हितं चार वर्षं झाली, रोज ह्या वस्तू हातात घेते, आन माझी नजर कधी गेली न्हाई. इंचार्ज बाई विचारायली, सगळं उलटं करून काय शोधतेस. मी म्हणलं, माझ्या भावाचं एक खरं.

म्हणून मी त्या बाजाराला फोन लावला. आता तू ऐक.

"एका शब्दाची सूचना न देता" असं लिहिलं होतंस न? त्यांनी तुला तीन मेल पाठवले. मे, जून आन जुलै. आन तिसऱ्याला तू उत्तर पण दिलंस. त्या बाईनं मला ते वाचून दाखवलं. नगरपालिकेच्या घंटागाडीचा फोटो, खाली लिहिलेलं, "आमचा डबा स्वतः गाणं म्हणत दारात येतो, तुमचा येतो का." ती बाई फार सभ्यपणे विचारायली, ह्याचा अर्थ काय समजायचा. मी काय सांगू तिला? तीन महिने हातात होते. अप्पा जेवले न्हाईत ते डब्यापायी न्हाई, तुझ्यापायी.

पत्ता खाली दिलाय. आजच्या आज टाक. माझ्या परवान्याला जर ह्यातून काही झालं तर मी भारतात येऊन तुझी खरी पत्रिका छापीन.

हितं एक कंपनी हाय, परदेशातल्या विकणाऱ्यांच्या वतीनं नाव लावून घेती. त्यांचा फॉर्म जोडलाय. नीट भर. नोंद होईपर्यंत एक दिवा विकता यायचा न्हाई, ते माझ्या खोलीत राहतील.

आन एक. तू कायद्यावर एवढा तणतणलास, मला एक सांग. भालकीच्या स्टँडमागं राजूबाई भंगारवाली वायरी जाळती, तांब्यासाठी. मागच्या पंचमीला तूच फोटो पाठवला होतास, गंमत म्हणून, राजूबाईचे डोळे बघ कसे लाल. त्या वायरी कुणाच्या? विकणाऱ्यानं कधी तिला विचारलं का? हितं निदान विचारायलेत.

नेत्रावती

—

भालकी, ४ सप्टेंबर

अक्का,

पत्ता त्याच दिवशी टाकला. काल गोदामातनं खोकी निघाली. एक दिवस राखून. मी भालकीला आईकडं आलोय, कामून ते खाली सांगतो.

व्हय, तीन मेल आले. तिन्ही मला किरणकुमारचे वाटले. मोबाइल दुरुस्तीवाला, स्टँडसमोरचा. मी दिवाळीत त्याच्या शटरवर "आज सगळं फुकट" लिहिलं होतं, साठ माणसं जमली होती. तो बदला घेणार हे ठरलेलंच होतं. आन तूच सांग, परदेशातून मेल येतो, की कचरा करणारा म्हणून तुमचं नाव नोंदवा, खाली फुली मारलेला डबा. किरण्यालाच सुचेल असलं. मला त्याचं कौतुक वाटलं. म्हणून घंटागाडी पाठवली. दुकान बंद झालं तेव्हा जाऊन त्याची गचांडी धरली. तो बिचारा शप्पत घालायला लागला. तेव्हा कुठं तिन्ही मेल पुन्हा उघडून वाचले.

तुझ्यापासून लपवलं, कारण तू म्हणली असतीस, चाळीस दिवे तूच मोडलास. ते खरंच होतं.

आता राजूबाई. तुझं वाचून मला राग आला. मनात म्हणलं, ह्यांचे जुने कॉम्प्युटर जहाजं भरभरून इकडच्या देशांत येऊन पडतात, त्याचं कोण बोलत न्हाई, आन माझ्या चाळीस दिव्यांच्या शेपटीचा हिशेब. तसा तणतणत राजूबाईच्या वाड्यात गेलो. तिथं ढिगात एक जुना मॉनिटर पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर डबा. फुली मारलेला. कुठल्या देशातनं कुठं फिरत आला, त्यालाच ठाऊक.

राजूबाईला विचारलं, हे चित्र कधी बघितलीस का. ती म्हणाली, कवाचं. धा वर्षं झाली. अर्थ काय म्हणलं. ती वायर सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "डब्यात टाकू नका, राजूबाईला द्या."

अक्का, मी नोटीस चारदा वाचली होती, गुगल लावून. अर्थ अगदी तोच. डब्यात टाकू नका, गोळा करणाऱ्याला द्या. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला तुमच्या सगळ्या युरोपचा कायदा कळला. आन तिला नंबर न्हाई, हातमोजा न्हाई, तोंडाला फडकं तेवढं. खोकत्याय दिवसभर. नोंदणी पायजे तर तिची करा की आधी. माझी करायलेत.

त्या रागातच तिथं भंगारच्या पोत्यावर बसून फॉर्म भरला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वजन लिहिलं. एक रकाना होता, तुमच्या मालाचा ब्रँड कोणता. आमचा कसला ब्रँड? मामा आजवर वस्तूवर नाव घालत न्हाईत. डोकं तापलेलंच होतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, KACHRA NAHI. आन पाठवून दिलं.

आता मला वाटायलंय, ते लिहायला नको होतं का?

शिवा

—

हॅम्बुर्ग, ६ नोव्हेंबर

शिवा,

नको होतं.

दोन महिने मी खोक्यांच्या भिंतीआडून जेवायलेय. चहा पण एका खोक्यावर ठेवून पिते. एक दिवा बाहेर काढलाय, नुस्ता बघायला. परवान्याचं काम झालं, त्याची काळजी करू नको.

काल नोंदणीचा नंबर आला, अप्पांच्या नावासकट. माणूस: बसवंतप्पा यांच्या वतीनं शिवशंकर, बीदर. माल: दिवे. ब्रँड: KACHRA NAHI. कंपनीच्या माणसानं विचारलं, ह्याचा अर्थ काय. मी म्हणलं, घराण्याचं नाव हाय. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, हे ध्यानात ठेव.

आता बदलायचं म्हणलं तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा दोन महिने, नाताळचा बाजार गेला. म्हणून हेच राहणार. आन नोंदलेलं नाव आन डबा, दोन्ही प्रत्येक दिव्यावर पायजे, न निघणारं. मी चिकटपट्टीवर छापून लावते, चांगली टिकणारी मिळती. अप्पांना सांगू नको, तू त्यांना त्या डब्यानं एकदा उपाशी ठेवलास.

नेत्रावती

—

बीदर, १८ नोव्हेंबर

अक्का,

चिकटपट्टी लावू नको. ह्या खोक्यात चाळीस चकत्या हायत, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या. दिव्याच्या बुडाला बसवायच्या. गोंदाची ट्यूब पण टाकलीय.

मामाला मी सगळं सांगितलं. घंटागाडीचं पण. वाटलं, हाकलून देतील. ते आधी राजूबाईचं बोलणं दोनदा म्हणायला लावले. मग ब्रँडचं नाव विचारले. मी खाली मान घालून सांगितलं. तर म्हणाले, "आजवर तू कागदावर लिहिलेल्यातलं हे एकच बरं." आन उठून मूस मागितली.

चकती त्यांनीच ओतली, घासली. हात थरथरतो, पण छिन्नी धातूला टेकली की थांबतो, कसा ते मला कळत न्हाई. डबा काढला, झाकणासकट, चाकासकट. खाली पट्टी. बाजूनं मराठीत कचरा नाही, खाली इंग्रजीत. मी म्हणलं, मामा, हे चित्र तुम्हाला पटलं का. ते म्हणाले, चित्राचा काय गुन्हा, अर्थ उलटा लागला होता.

पण फुली मारायचं म्हणल्यावर छिन्नी खाली ठेवली. तुला ठाऊक हाय त्यांचं. आपल्या हातानं काढलेल्यावर आपण काट मारायची न्हाई, त्यांच्या बापानं सांगितलेलं. मी वाद घातला, कायदा सांगितला, नाताळ सांगितला. न्हाई म्हणजे न्हाई. शेवटी वैतागून म्हणलं, फुलीशिवाय डबा म्हणजे खुशाल कचऱ्यात टाका असं होतं, मामा. त्यावर त्यांनी तोंड वळवून घेतलं.

मग पुढं काय झालं ते झालं. चाळीसही चकत्यांवर फुली हाय. किल्ल्यातली माती मी चाखून आणली, थुंकून थुंकून जीभ फाटली. मोजून घे आन बसव.

शिवा

—

हॅम्बुर्ग, ९ डिसेंबर

शिवा,

सगळ्या चकत्या बसवल्या. दुकान चालू झालं. पहिल्या आठवड्यात सहा दिवे गेले. एका बाईनं लिहिलंय, दिवा सुंदर, पण सगळ्यात सुंदर गोष्ट बुडाला कामून लपवलीत. मी तिला कायदा कळवला.

बसवताना मी चकत्या ओळीनं मांडल्या होत्या. मागच्या बाजूनं अप्पांनी एकापासून चाळीसपर्यंत आकडे कोरलेत, नेहमीसारखे. एक नंबरची फुली म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखी. तार एका जागी उचकटलेली. सात नंबरला एक रेघ डब्याच्या बाहेर पळालीय. पंधरापासून जरा बरं. तीसनंतर मला भिंग लावावं लागलं. चाळिसाव्या फुलीत मला खोट काढता आली न्हाई.

अप्पा मारणार न्हाईत, हे तूच लिहिलंस. मग ही कुणी मारली?

एक नंबरची मी विकायला ठेवली न्हाई. ती माझ्या टेबलावर हाय. आन फोनवर तुला मोकळं केलंय, पण पत्रिका, फोटो, बेडूक, काही पाठवायचं न्हाई.

नेत्रक्का

—

बीदर, १० डिसेंबर

अक्का,

एक नंबरची ठेवून घेतलीस? चाळिसावी ठेवायची होतीस. ही कसली माया.

मीच मारल्या. मामा तोंड वळवून बसले होते, मला वाटलं बघत न्हाईत. सातव्याला रेघ पळाली तेव्हा तिकडूनच म्हणाले, मनगट न्हाई, खांदा. दहा दिवस त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द न्हाई. माझ्या अंगठ्याला दोन टाके पडले त्याचं पण काही न्हाई. अव्वानं हळद लावली, मामा म्हणाले, हळद अर्धी राखून ठेव, अजून बत्तीस हायत.

फक्त काल सकाळी ओट्यावर गेलो तर त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला. मी विचारलं, कुणी येणार हाय का. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाई. कोरी सुरई पुढं सरकवली आन म्हणाले, "हिला शेपूट लावायचं न्हाई."

आता फ्रान्सवाल्यांचं काय ते बघ. त्यांना माझा ब्रँड कळव. अर्थ विचारला तर ह्या वेळी खरा सांग.

शिवा